१५ ऑगस्टचा झेंडा १४ तारखेलाच नीट बांधा : तिरंगा आणण्यापासून उतरवून ठेवण्यापर्यंत सगळं

तीन वर्षांपूर्वी २६ जानेवारीला आमच्या सोसायटीत झेंडा उघडलाच नाही. बाजूच्या विंगमधल्या एक आजी आहेत, मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या, त्यांच्या हस्ते ध्वजवंदन होतं. त्यांनी दोरी ओढली, परत ओढली, वर ती गुंडाळी नुसती हलायची आणि पुन्हा जागेवर यायची. खाली सगळे सावधानमध्ये उभे, पोरं राष्ट्रगीतासाठी श्वास भरून तयार, आणि आजींचे हात थरथरायला लागलेले. शेवटी झेंडा खाली घ्यावा लागला, गाठ नखाने सोडवता सोडवता आतल्या पाकळ्या सगळ्या फरशीवर सांडल्या, आणि मग तसाच उघडा झेंडा वर चढवला. कारण काय तर आदल्या रात्री वारा होता म्हणून कोणीतरी चांगल्या मनानेच सुरगाठीच्या (ओढली की सुटते ती) जागी निरगाठ मारून ठेवलेली, तीपण दुहेरी.

आजी नंतर कोणाला काही बोलल्या नाहीत पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. त्या दिवसापासून झेंडा बांधायचं काम मी अंगावर घेतलं, एका रिटायर झालेल्या पीटीच्या सरांकडे दोन संध्याकाळी बसून शिकलो आणि ध्वजसंहिता, म्हणजे झेंडा कसा वापरायचा त्याचे सरकारी नियम, अख्खी वाचून काढली. माझं म्हणणं एवढंच आहे की झेंड्याचा मान सकाळी आठ वाजता कडक सॅल्यूट मारण्यात जेवढा आहे त्यापेक्षा जास्त आदल्या संध्याकाळच्या तयारीत आणि नंतरच्या आवराआवरीत आहे, आणि ही दोन्ही कामं आपण कोणावर तरी ढकलून मोकळे होतो. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय, घरच्यासाठी, सोसायटीसाठी, छोट्या शाळेसाठी.

आधी झेंडा कुठला घ्यायचा

कापडाचं सांगतो. खूप जणांना अजून वाटतं की झेंडा खादीचाच पाहिजे नाहीतर गुन्हा. आधी नियम तसाच होता, हाताने कातलेलं हाताने विणलेलं कापडच चालायचं, पण ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत बदल झाला आणि आता कॉटन, पॉलिएस्टर, लोकर, रेशीम, खादी यातलं काहीही चालतं, मशीनवर बनलेलंसुद्धा. तरी माझं मत विचाराल तर परवडत असेल तर एकदा खादीचा घ्याच. खादी या झेंड्याला नंतर चिकटवलेली गोष्ट नाहीये, झेंड्याचा जन्मच चरख्याच्या आजूबाजूला झालाय (त्यावर पुढे येतो). कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरीला खादी संघाचं झेंड्यांचं मोठं केंद्र आहे, आणि आपल्याकडे नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीतही तिरंगा तयार होतो. खादी भांडारात विचारलं तर मिळतो, फक्त ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबू नका, पाहिजे तो साइज तेव्हा संपलेला असतो.

प्लॅस्टिकचा झेंडा कुठल्याच कारणासाठी घेऊ नका. तो कुजत नाही, महिनोन्महिने गटारात दिसत राहतो. लहान मुलांना हातात धरायला कागदाचे घ्या, ते संहितेलाही मान्य आहेत.

आता घेताना काय बघायचं. दुकानातच झेंडा पूर्ण उघडायला सांगा, लाजू नका. लांबी आणि उंची ३:२ पाहिजे. साइज कुठलाही चालतो पण हे प्रमाण सुटलं की झेंडा चुकलाच, आणि बाजारात लांबडे पट्टे कापून केलेले झेंडे भरपूर असतात. ठरलेले नऊ साइज आहेत, सगळ्यात मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर आणि सगळ्यात छोटा १५० बाय १००, तो टेबलावरचा. घरच्या बाल्कनीला ४५० बाय ३०० किंवा ९०० बाय ६०० पुरतो, सोसायटीच्या खांबाला १३५० बाय ९०० किंवा १८०० बाय १२०० चांगला दिसतो.

तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे आहेत का ते घडी घालून बघा, केशरी पट्टा पांढऱ्यावर दुमडला की काठाला काठ लागला पाहिजे. मग चक्र. रंग नेव्ही ब्लू, काळा नाही आणि आकाशीही नाही. आरे २४, एकदा बोट ठेवून मोजाच, मी एकदा मोजायला घेतले तर एका झेंड्यात २० च निघाले. चक्राचा साइजही ठरलेला आहे, ९०० बाय ६०० च्या झेंड्यात पांढरा पट्टा २०० मिलिमीटरचा असतो आणि चक्र १८५ चं, म्हणजे वर खाली अगदी थोडी पांढरी जागा उरते. पांढऱ्याच्या मधोमध रुपयाएवढं चक्र दिसलं तर तो झेंडा ठेवून द्या.

आणि शेवटचं म्हणजे झेंडा उलटून मागची बाजू बघा. चक्र मागूनही तेवढंच स्पष्ट पाहिजे. एका बाजूने छापून दुसऱ्या बाजूला पुसट आलेलं नको. हा हट्ट माझा नाही, या एका मुद्द्यावर आपल्या झेंड्याचं डिझाइन बदललंय.

चरख्याचं चक्र कसं झालं

इतिहास सगळा सांगत बसत नाही, पण बांधताना हातात काय आहे हे माहीत असलं तर हात आपोआप नीट चालतो असा माझा अनुभव आहे.

आपल्या पुण्यात केसरीवाड्यात एक जुना झेंडा जपलेला आहे, मॅडम भिकाजी कामांचा. २२ ऑगस्ट १९०७ ला जर्मनीत स्टुटगार्टला समाजवादी परिषदेत बाईंनी परक्या देशांच्या लोकांसमोर हिंदुस्थानचा म्हणून झेंडा फडकवला, मधल्या पट्ट्यावर देवनागरीत वन्दे मातरम् लिहिलेलं. त्याच्या आदल्या वर्षी ७ ऑगस्ट १९०६ ला कलकत्त्यात पारसी बागान चौकात जवळपास तसाच एक लागला होता. १९१७ च्या होमरूल चळवळीचा झेंडा वेगळाच होता, लाल हिरव्या पट्ट्यांचा, सप्तर्षींच्या सात ताऱ्यांचा, आणि कोपऱ्यात चक्क ब्रिटिशांचा युनियन जॅक, त्यामुळे तो लोकांच्या मनात काही फार बसला नाही.

आताच्या तिरंग्याची सरळ वाट १९२१ पासून. पिंगली वेंकय्या म्हणून आंध्रचे गृहस्थ, त्यांनी बेझवाड्याला, म्हणजे आताच्या विजयवाड्याला, गांधीजींना लाल हिरव्या रंगाचा झेंडा दाखवला. गांधीजींनी त्यात पांढरा पट्टा आणि चरखा घालायला सांगितलं. मग १९३१ मध्ये काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा आणि मध्ये चरखा असा झेंडा पक्का केला आणि रंगांचा अर्थ कुठल्या जातीधर्माशी लावायचा नाही हेही तेव्हाच स्पष्ट केलं. त्यामुळे कोणी सांगायला लागलं की अमुक रंग अमक्यांचा तर त्यांना हे शांतपणे सांगा.

या मधल्या काळात हा झेंडा हातात धरणं म्हणजे जेल. नागपूरला १९२३ मध्ये झेंडा सत्याग्रह झाला, १ मे ला जमनालाल बजाजांच्या पुढाकाराने सुरू झाला, नंतर वल्लभभाई पटेल येऊन उभे राहिले. काय करायचे लोक, तर नुसता झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे चालत जायचे. एवढंच. आणि पकडले जायचे, मग दुसरी तुकडी निघायची, देशभरातून माणसं त्यासाठी नागपूरला आली. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गोवालिया टँक मैदानावर मोठे पुढारी सगळे पहाटेच उचलले गेले तर अरुणा असफ अलींनी पुढे होऊन झेंडा फडकवला. आणि बरोबर महिन्याने, ९ सप्टेंबर १९४२ ला, नंदुरबारला शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा हातात तिरंगा घेऊन मिरवणुकीत चालत असताना पोलिसांच्या गोळीने गेला. १५ वर्षांचा होता. माझ्या मुलाला झेंड्याची घडी शिकवताना मी त्याला हे सांगितलं, नंतर एकदाही त्याने झेंडा पलंगावर टाकलेला मी बघितला नाही.

आता चक्र. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत नेहरूंनी झेंड्याचा ठराव मांडला. चरख्याच्या जागी सारनाथच्या सिंहस्तंभावरचं चक्र आलं, आणि त्यांनी सभेत कारण सांगितलं ते किती साधं आहे बघा, झेंड्याच्या एका बाजूला जे चिन्ह असेल ते दुसऱ्या बाजूनेही हुबेहूब तसंच दिसलं पाहिजे. चरख्याला एका बाजूला चाक आणि एका बाजूला चाती, मागून बघितला की सगळं उलटं होतं. चक्र दोन्हीकडून सारखं. आणि चरखा सोडला असंही नाही, ठरावातच लिहिलंय की हे चाक चरख्याचं प्रतीक म्हणून आहे. त्या दिवशी नेहरूंनी दोन झेंडे आणले होते, एक खादी सिल्कचा आणि एक खादी कॉटनचा. म्हणून म्हटलं, दुकानात झेंडा उलटून बघा.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, लाल किल्ल्यावर पहिल्यांदा तिरंगा लागला तो १६ ऑगस्ट १९४७ ला, १५ ला नाही.

खांब, काठी, भिंत

घरी लावताना चार प्रकार येतात. सरळ उभी काठी असेल तर प्रश्नच नाही, केशरी वर. बाल्कनीतून किंवा खिडकीतून तिरकी बाहेर काढलेली काठी असेल तर केशरी पट्टा काठीच्या लांबच्या टोकाकडे, म्हणजे घरापासून दूर. भिंतीवर आडवा लावला तर केशरी वर. आणि भिंतीवर उभा लावला तर इथे हमखास चूक होते, समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी आला पाहिजे.

स्टेज असेल तर वक्ता लोकांकडे तोंड करून उभा राहिला की त्याच्या उजव्या हाताला झेंडा. त्याच्यापेक्षा उंच दुसरा कुठलाही झेंडा नको, बरोबरीनेही नको, आणि एकाच काठीवर खाली वर दोन झेंडे तर अजिबात नकोत. खांबाच्या टोकावर हार, फुलं, तोरण काही नाही. मंडळाचा, संस्थेचा झेंडा लावायचाच असेल तर वेगळ्या काठीवर, थोडा खाली.

खांब सोसायटीचा असेल तर आठवडाभर आधी जाऊन वरची कप्पी फिरते का बघा. वर्षभर पावसापाण्यात राहून ती गंजते आणि हे ऐन सकाळी कळतं. दोरी खाली वर दहा वेळा ओढा, कुरकुर आली तर शिडी लावून तेलाचे दोन थेंब सोडा. दोरी नायलॉनची गुळगुळीत घेऊ नका, गाठ राहत नाही, आणि काथ्याची घेऊ नका, ओढताना अडकते. सुती जाड दोरी सगळ्यात चांगली.

बांधायचं कसं

आता मुख्य काम. १४ तारखेला, किंवा २५ जानेवारीला, संध्याकाळी उजेड असतानाच बसा.

मोठ्या टेबलावर धुतलेली चादर घाला. झेंडा जमिनीला किंवा फरशीला लागता कामा नये हा नियम इथूनच सुरू होतो. दोन माणसं पाहिजेत, एकट्याने करू नका. झेंड्याच्या एका बाजूला जाड कापडाची पट्टी शिवलेली असते आणि लेंग्यात नाडी ओवतो तशी तिच्यातून दोरी ओवलेली असते. दोरीच्या वरच्या टोकाला, म्हणजे केशरीकडे, छोटा लाकडी गुटका असतो आणि खालच्या टोकाला मोकळी दोरी. हा गुटका कुठे आहे ते आधी हाताने चाचपा, कारण झेंडा उलटा लागण्याच्या प्रकारात नव्वद टक्के वेळा गुंडाळी झाल्यावर कुठली बाजू वर हेच विसरलेलं असतं. मी गुटक्याजवळच्या दोरीला केशरी दोऱ्याचे चार वेढे देऊन ठेवतो, अंधारातही कळतं.

झेंडा पसरा, केशरी तुमच्यापासून लांब, हिरवा तुमच्याकडे, दोरीची बाजू डाव्या हाताला. हिरवा पट्टा उचलून पांढऱ्यावर दुमडा. आता पाकळ्या. खास प्रसंगी, १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला झेंड्यात फुलांच्या पाकळ्या ठेवायला संहितेत परवानगी आहे, एरवी झेंड्यात काहीही गुंडाळायला बंदी आहे. पाकळ्या ओंजळभरच घ्या. गुलाबाच्या, दुपारी कागदावर पसरून पाणी सुकवलेल्या. झेंडूच्या ओल्या पाकळ्या रात्रभर आत राहिल्या की पांढऱ्यावर पिवळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. लोक परडीभर पाकळ्या कोंबतात, गुंडाळी फुगते आणि वजनाने दोरी आवळली जाते, मग उघडत नाही.

पाकळ्या पसरल्या की केशरी पट्टा वरून दुमडा. एक लांब पट्टी तयार झाली. आता जे टोक वाऱ्यावर फडफडतं तिकडून दोरीच्या बाजूकडे सैलसर गुंडाळत या. पोळीची गुंडाळी करतो तशी, आवळून नाही.

आता गाठ, आणि इथे घाई करू नका. झेंड्याच्या खालच्या टोकाला खांबाच्या दोरीचं जे टोक आपण बांधतो, ते पक्कं बांधा, तिथे निरगाठच पाहिजे. मग त्याच दोरीचा गुंडाळीभोवती एक वेढा द्या, मोठा झेंडा असेल तर दोन, तिसरा नको. वेढा दिल्यावर जी दोरी खाली जाणार आहे तिचा दुमडून बोटभर फास करा आणि तो फास वेढ्याखालून सारा. लक्षात घ्या, दोरीचं टोक नाही सारायचं, दुमडलेला फास सारायचा. टोक ओवलं की निरगाठ झाली आणि आमच्या आजींसारखं होणार. फास सारला की सुरगाठ, खालून दोरी ओढली की फास सरकन निघतो, वेढा सुटतो, झेंडा उघडतो. पायजम्याच्या नाडीची गाठ एका टोकाने ओढून सोडतो ना, तेच.

पहिल्यांदाच करत असाल तर झेंड्यावर प्रयोग करू नका, जुनी ओढणी घ्या आणि खरोखर खांबावर चढवून तीन वेळा उघडून बघा. तिन्ही वेळा एका झटक्यात उघडली पाहिजे. सर मला म्हणाले होते, जोराने ओढायला लागलं तर चुकलंय असं समज, आठ वर्षांच्या पोराच्या हाताने उघडलं पाहिजे.

गुंडाळी रात्री खांबावर लटकवून ठेवू नका. दव पडतं, ऑगस्टमध्ये पाऊस असतो, भिजलेली खादी जड होते आणि ओली दोरी आवळते. स्वच्छ कापडात ठेवून घरात उंचावर ठेवा आणि सकाळी कार्यक्रमाच्या तासभर आधी चढवा. चढवताना गुटक्याकडच्या दोरीनेच ओढायचं, खालची दोरी सैल सोडायची, तिला ताण बसला तर अर्ध्या वाटेतच उघडेल. वर कप्पीपर्यंत पोचली की गुटक्याकडची दोरी खांबाच्या हुकाला घट्ट बांधा. आता खाली एकच मोकळी दोरी उरली पाहिजे आणि पाहुण्यांच्या हातात तीच द्यायची, दोन्ही दोऱ्या लोंबत ठेवल्या की गोंधळ होतो. पाहुणे आले की हळूच कानात सांगा, झटका नको, सरळ खाली ओढा.

गेल्या २६ जानेवारीला परत त्याच आजींना बोलावलं होतं. पहिल्या ओढीला उघडला, त्यांच्या केसांवर दोन पाकळ्या पडल्या, त्यांनी त्या काढल्या नाहीत.

सकाळी

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीतला फरक पोरं विचारतात म्हणून सांगतो. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर पंतप्रधान झेंडा खालून वर चढवतात, ते ध्वजारोहण, देश स्वतंत्र झाला आणि आपला झेंडा वर गेला त्याची ती आठवण. २६ जानेवारीला कर्तव्यपथावर झेंडा आधीच वर बांधलेला असतो आणि राष्ट्रपती तो फक्त उलगडतात, ते ध्वज फडकवणं. शाळा सोसायट्यांत दोन्ही दिवशी वर बांधूनच उघडतात. पण जागा असेल आणि दोरी ओढणारं माणूस भक्कम असेल तर १५ ऑगस्टला एकदा खालून उघडा झेंडा चढवून बघा, तो वर जाताना सगळ्यांच्या माना जशा हळूहळू वर जातात ते बघण्यासारखं असतं.

संहितेत एक वाक्य आहे जे मला फार आवडतं, झेंडा चढवायचा झपाट्याने आणि उतरवायचा सावकाश, सन्मानाने. एवढं एक पाठ केलं तरी खूप.

उघडला की लगेच राष्ट्रगीत, पूर्ण म्हणायला साधारण ५२ सेकंद लागतात, स्पीकरवर लावलं असेल तरी लोकांनी म्हणावं. सगळ्यांनी झेंड्याकडे तोंड करून सावधान, गणवेशातल्यांनी सॅल्यूट. मोबाइलवर शूटिंग करायला एकाला आधीच नेमून टाका म्हणजे बाकीच्यांचे हात खाली राहतात.

संध्याकाळी

आधी सूर्यास्ताला उतरवायलाच लागायचा. जुलै २०२२ च्या बदलानंतर घरावर किंवा उघड्यावर लावलेला झेंडा दिवसरात्र ठेवता येतो. आणि मुळात वर्षभर कुठल्याही दिवशी घरावर झेंडा लावायचा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही हेही लक्षात असू द्या. उद्योगपती नवीन जिंदाल यांना त्यांच्या कारखान्यावर झेंडा लावण्यापासून अडवलं, ते कोर्टात गेले, वर्षानुवर्षं केस चालली. दरम्यान २६ जानेवारी २००२ ला नवी ध्वजसंहिता आली आणि २३ जानेवारी २००४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मानाने झेंडा फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे.

पण परवानगी आहे म्हणून महिनाभर विसरून जायचं असं नाही. मी उतरवतोच. ऊन, पाऊस, वारा यात कापडाचं मोकळं टोक आधी विरतं आणि फाटलेला झेंडा लावणं नियमात चूकच आहे. हर घर तिरंगाच्या वेळी ज्यांनी लावला आणि दिवाळीपर्यंत तसाच ठेवला, त्यांच्या बाल्कनीतल्या त्या पांढुरक्या झालेल्या चिंध्या बघून मला खरंच वाईट वाटलं.

उतरवताना एक जण दोरी सोडणार, एक जण दोन्ही हातांवर झेलणार. ओला असेल तर सावलीत टेबलावर पसरून वाळवा, कपड्यांच्या दोरीवर बनियनच्या शेजारी नको. पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका, काळे ठिपके पडतात.

घडी अशी. झेंडा आडवा धरा, केशरी आणि हिरवा दोन्ही पट्टे पांढऱ्याच्या मागे दुमडा, म्हणजे समोर फक्त पांढरा आणि चक्र राहील. मग पांढऱ्याची दोन्ही टोकं मागे दुमडत या, इतकी की वर फक्त अशोकचक्र दिसेल आणि केशरी हिरव्याच्या कडा डोकावतील. ती घडी दोन्ही तळव्यांवर घेऊन जायची, काखेत मारून नाही. पातळ सुती कापडात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आणि मध्ये दोन कडुलिंबाची वाळलेली पानं, पण झेंड्याला लागणार नाहीत अशी.

बारीकसारीक पण महत्त्वाचं

झेंड्यावर काही लिहायचं नाही, मंडळाचं नाव नाही, शुभेच्छा नाहीत. त्याचं तोरण, पताका, फुलासारखा गुच्छ करायचा नाही. सजावटीला तीन रंगांचं साधं कापड वापरा, चक्रवाला झेंडा नको. टेबलक्लॉथ, उशी, रुमाल यावर छापायचा नाही. २००५ पासून कपड्यावर वापरता येतो पण कमरेच्या वरच. गाडीच्या बॉनेटवर, टपावर पसरायचा नाही, आणि गाडीवर काठी लावून फडकवायचा अधिकार राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री अशा ठरावीक लोकांनाच आहे. मुद्दाम अपमान केला तर १९७१ च्या कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

अर्ध्यावर झेंडा सरकारने सांगितल्यावरच, आपल्या मनाने नाही. आणि करायचाच झाला तर आधी पूर्ण वर न्यायचा, क्षणभर थांबायचं, मग अर्ध्यावर आणायचा. उतरवतानाही आधी परत वर नेऊन मग खाली.

झेंडा जुना झाला की

कागदी झेंडे कार्यक्रम संपताच गोळा करा. आम्ही गेटजवळ एक खोका ठेवतो आणि पोरांनाच सांगतो की जाताना त्यात घाला. तरी १६ तारखेला सकाळी एक चक्कर मारतोच, पार्किंगमध्ये, जिन्यात, गाड्यांखाली पाच दहा सापडतातच.

कापडी झेंडा विरला, फाटला, रंग उडाला की तो फडकं म्हणून वापरायचा नाही, कचऱ्यात नाही, भंगारवाल्याला नाही. संहिता सांगते की अख्खाच्या अख्खा, खाजगीत, शक्यतो जाळून, मान राखून नष्ट करा. खाजगीत हे महत्त्वाचं, लोक जमवून नाही, फोटो काढून नाही.

मागच्या वर्षी आमचा जुना खादीचा मी आणि सरांनी पहाटे गच्चीवर जाळला. स्वच्छ घमेलं, थोडा कापूर, घडी घातलेला झेंडा चक्र वर करून. आम्ही दोघं सावधान उभे होतो, काही बोललो नाही. खादी शांत जळते, पॉलिएस्टरसारखी वितळत नाही. राख थंड झाल्यावर कुंडीत नाही टाकली, खाली जांभळाच्या झाडाच्या मुळाशी खड्डा करून पुरली. दोरी आधीच काढून ठेवली होती, ती अजून चांगली होती, केशरी दोऱ्याचे चार वेढेही तसेच होते. नव्या झेंड्यात तीच ओवली.